शिवराईची अक्षरं : लिलावातून संग्रह जमवतानाच्या प्रकल्प नोंदी

६ जून २०२५, नाशिक

आजच्या तारखेला, १६७४ साली, रायगडावर राज्याभिषेक झाला. काम सुरू करायला याहून चांगला दिवस मला सुचला नाही.

काम असं : शिवराईवरच्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्यावरच्या, देवनागरी अक्षरांचा तक्ता करायचा. चाळीस चौकोन, प्रत्येकात एक अक्षरवळण, खाली ते ज्या नाण्यावर आहे त्याचं वजन आणि व्यास. शाळेत चित्रकला शिकवताना मुलांना अक्षरांची वळणं दाखवायला मी नेहमी छापील नमुने वापरले. तांब्यावर ठोकलेलं अक्षर मुलांनी बोटाने चाचपून पाहावं, ही इच्छा जुनी आहे.

शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र / पति’, कडेला ठिपक्यांचं वर्तुळ. महाराजांनंतरही हीच अक्षरं पेशवाईत आणि थेट इंग्रजी अमलाच्या सुरुवातीपर्यंत पाडली जात राहिली. ठसे कोरणारे बदलले, टांकसाळी बदलल्या. कुठे ‘शिव’ आहे, कुठे ‘सिव’. कुठे ‘पति’, कुठे ‘पती’. उत्तरकाळातल्या दुदांडी शिवराईवर मधे दुहेरी आडवी रेघ येते. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे बहुतेक नाण्यांवर अर्धीमुर्धी अक्षरंच उतरतात. एक ठसा पूर्ण वाचायचा तर पाच-सहा नाणी शेजारी शेजारी ठेवावी लागतात.

सराफ बाजारात आता सुटी शिवराई क्वचितच दिसते, म्हणून लिलाव. पैसे : तीस हजार रुपये, जानेवारीपर्यंत. एक रुपयाही वर नाही.

१५ जून

आठवडाभर बोली न लावता फक्त वाचन. गेल्या तीन वर्षांतल्या जितक्या लिलावांच्या याद्या आणि त्यांचे निकाल मिळाले, त्यांतल्या शिवराईच्या नोंदी वहीत उतरवल्या : लॉट (एकत्र विकायला काढलेलं नाणं किंवा ढीग) क्रमांक, वर्णन, वजन, अपेक्षित किंमत, प्रत्यक्ष विक्री. पाच रकाने झाल्यावर सहावा वाढवावा लागला, कारण काही निकालांत हातोडा पडला ती किंमत, म्हणजे शेवटची बोली, दिलेली असते आणि काहींत खरेदीदाराचा प्रीमियम, म्हणजे लिलाव करणारे त्यावर घेतात ते शुल्क, धरून. हे न पाहता सरासरी काढली तर सगळंच चुकतं.

वही भरत गेली तसं एक चित्र दिसायला लागलं. मध्यभागी ठसा बसलेलं, दोन्ही बाजूंची सगळी अक्षरं आलेलं देखणं एकटं नाणं नेहमी अंदाजाच्या पुढे जातं. ‘मिश्र तांब्याची नाणी, २० नग, साधारण स्थिती’ अशा ढिगांकडे फारसं कुणी बघत नाही. संग्राहकाला देखणेपण हवं, मला अक्षराचा तुकडा हवा. अर्धवट ‘छ’ उतरलेलं झिजलेलं नाणं दुसऱ्याला टाकाऊ आणि माझ्या तक्त्यात एक पूर्ण चौकोन. लिलावात माझं बळ एवढंच आहे : बाकीचे ज्याला किंमत देत नाहीत, ते मला हवं आहे. देखण्या एकट्या नाण्यांवर बोली लावायची नाही, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

२९ जून

त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीला गेले. तिथल्या मुद्राशास्त्र संशोधन संस्थेच्या संग्रहालयात दोन तास काचेशी नाक लावून उभी होते. मराठ्यांच्या टांकसाळींवरचं महेश्वरी आणि विगिन्स यांचं १९८९ सालचं काम याच संस्थेने छापलं. लिलावाच्या यादीत लॉटखाली जो प्रकार क्रमांक येतो, तो बहुतेकदा त्यांच्या वर्गीकरणातला असतो. आता तो क्रमांक वाचला की डोळ्यांपुढे नाणं येतं.

९ जुलै

मर्यादा ठरवण्याचं गणित. हे मला आधी कुणी समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे सविस्तर.

सुरुवात बोलीपासून करायची नाही, शेवटापासून करायची. हे नाणं घरात येईपर्यंत माझ्या खिशातून एकूण किती गेलेले मला चालतील? समजा सहा हजार. मी ज्या लिलावात भाग घेणार आहे, त्याच्या अटींप्रमाणे प्रीमियम आणि सगळे कर मिळून हातोड्याच्या किमतीवर २४ टक्के चढतात. विम्यासह कुरियर समजा २५०. सहा हजारांतून २५० वजा, उरले ५,७५०. त्याला १.२४ ने भागलं : ४,६३७. बोली दोनशेच्या टप्प्याने चढते, म्हणून माझी शेवटची बोली ४,६००. सहा हजारांचं नाणं म्हणजे ४,६०० ची बोली. मधले चौदाशे रुपये सभागृहात कुणीच मोठ्याने उच्चारत नाही.

प्रत्येक लिलावाच्या अटी वेगळ्या. टक्केवारी, परतीची मुदत, नाणं खोटं निघालं तर काय, पैसे किती दिवसांत भरायचे, हे सगळं नाव नोंदवण्याआधी वाचायचं. मी छापून घेते आणि पेन्सिलीने खुणा करते.

२० जुलै

पहिला ऑनलाइन लिलाव. अठरा शिवराईंचा ढीग, मर्यादा ४,६००.

कमाल बोली आधीच भरून ठेवता येते. यंत्रणा ती इतरांना दाखवत नाही आणि समोरच्याच्या एक टप्पा पुढे राहील एवढीच वाढवत नेते. म्हणजे मी ४,६०० भरले आणि दुसऱ्याची धाव ३,००० पर्यंतच असली, तर मला ते ३,२०० ला मिळतं. अशा व्यवस्थेत आपली खरी मर्यादा भरणंच शहाणपणाचं का, हे विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये गणिताने मांडलं. त्याला १९९६ चं नोबेल मिळालं. मला याहून आवडलेली गोष्ट अशी की टपाल तिकिटांच्या संग्राहकांना ही युक्ती त्याच्या कितीतरी आधी सापडली होती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १८९३ सालीच टपालाने बोली मागवून, सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीला धरून तिकिटं विकली गेली आहेत.

तर मी ४,६०० भरले. बराच वेळ ३,००० वर अडलं. शेवटच्या मिनिटाला ४,८००. वेळ तीन मिनिटांनी वाढली. पडद्यावर ‘५,००० ची बोली लावा’ असं बटण लुकलुकत होतं. माझं बोट त्यावर गेलं होतं. दोनशेच तर, असं मन म्हणत होतं. वहीतला आकडा वाचला आणि लॅपटॉप मिटला.

वाईट वाटलं. रात्री जेवतानाही तोच ढीग डोळ्यांपुढे होता.

३ ऑगस्ट

बारा शिवराई मिळाल्या. हातोडा २,९००, घरपोच ३,७९६. मर्यादा ३,४०० होती.

या लिलावात वेळ वाढत नव्हती. घड्याळ संपलं की संपलं. अशा ठिकाणी लोक शेवटच्या सेकंदांत बोली टाकतात. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये हेच दाखवून दिलं : ठरल्या क्षणी बंद होणाऱ्या ईबेवर उशिराच्या बोली भरपूर, आणि शेवटी बोली आली की मुदत वाढवणाऱ्या ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांत त्या बऱ्याच कमी. उशिरा बोली टाकल्याने नाण्याची खरी किंमत बदलत नाही, पण लवकर बोली टाकून आपण इतरांना खूण देतो की इथे काहीतरी आहे. माझ्यासारखीला, जिला ढिगात दडलेलं अक्षर हवं आहे, ती खूण महाग पडते. म्हणून वेळ न वाढणाऱ्या लिलावात शेवटच्या अर्ध्या मिनिटात एकदाच, पूर्ण मर्यादेची बोली. वेळ वाढणाऱ्यात आदल्या रात्री भरून मोकळं व्हायचं आणि पडद्यासमोर बसायचं नाही.

१९ ऑगस्ट

रघुजी भोसल्यांची तलवार काल मुंबईत आली. एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावातून राज्य सरकारने ती घेतली. बातमीत ४७.१५ लाखांचा जो आकडा आला, तो हाताळणी, वाहतूक आणि विमा धरून होता. ९ जुलैचं गणित तिथेही तेच. नागपूरकर भोसल्यांची तलवार परत यावी म्हणून कुणीतरी वेळेवर बोली लावली, याचं मनापासून समाधान वाटलं.

११ सप्टेंबर

चूक झाली. जशी झाली तशी लिहून ठेवते.

एका ऑनलाइन विक्रेत्याकडे ‘सिव’ अक्षरं ठळक असलेली एकटी शिवराई आली. देखणं एकटं नाणं घ्यायचं नाही हा माझाच नियम. पण ‘सिव’ चा चौकोन रिकामा होता. मर्यादा २,२०० लिहिली आणि सगळं मिळून ३,४०० मोजले. दोन बोलीदार सारखे एकमेकांच्या पुढे जात होते, त्या ओघात मीही गेले.

पाकीट उघडताच हाताला खटकलं. कडेवर कानशीने घासल्याच्या बारीक समांतर रेघा, साच्याचा जोड लपवायला मारलेल्या. भिंगातून अक्षरांच्या कडा मेणासारख्या गोलसर, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. ठोकलेल्या नाण्यात धातू ठशाखाली सरकतो आणि अक्षराची कड धारदार उठते. ओतलेल्या नाण्यात बुडबुडे राहतात. मग पाण्यातलं वजन घेतलं. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवायचं, नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबतं ठेवायचं, तळाला टेकू द्यायचं नाही, काटा जितका वाढेल तितकं नाण्याने विस्थापित केलेलं पाणी. हवेत ९.६० ग्रॅम, पाणी १.१५, भागाकार ८.३५. माझ्याकडच्या चांगल्या शिवराईचं : १०.८०, १.२३, म्हणजे ८.७८. शुद्ध तांबं ८.९६. हे नाणं पितळेकडे झुकलेलं आहे.

खरा धक्का त्यानंतरचा. जूनमध्ये जमवलेल्या फोटोंत याच विक्रेत्याची एक जुनी विक्री सापडली. ‘राजा’ च्या ‘जा’ शेजारी कडेला तोच खाचा, त्याच जागी, आणि चकतीचा बाह्याकारही हुबेहूब तोच. हाताने ठोकलेली दोन नाणी अशी कधीच सारखी नसतात. एकाच साच्यातली दोन ओतीव नाणी माझ्या संगणकात तीन महिने पडून होती, आणि बोलीच्या आधी मी ती शेजारी ठेवून पाहिली नाहीत.

सात दिवसांच्या आत पुराव्यासकट परत पाठवायची तयारी दाखवली. नकार आला. त्या दोन बोलीदारांपैकी एकाने त्या विक्रेत्याच्या आणखी चार वस्तूंवर शेवटपर्यंत किंमत चढवून आयत्या वेळी माघार घेतलेली दिसते. त्यावरून मी काही सिद्ध करू शकत नाही. पण एकाच विक्रेत्याच्या मागे सतत दिसणारा आणि कधीच न जिंकणारा बोलीदार दिसला, की त्या लॉटपासून दूर राहायचं.

ते नाणं ठेवलं आहे. मुलांना खोटं कसं ओळखायचं ते शिकवायला उपयोगी पडेल.

२७ व २८ सप्टेंबर, मुंबई

शनिवारी लॉट पाहण्याचा दिवस, रविवारी प्रत्यक्ष लिलाव. प्रवास आणि जेवणाचे नऊशे रुपये प्रकल्पाच्या हिशेबात धरले.

पाहणीच्या टेबलाशी जाताना दहापट भिंग, खिशातला वजनकाटा, सुती हातमोजे. वजनकाटा वापरायची परवानगी आधी विचारावी, इथे आनंदाने दिली. पंचवीस नाण्यांचा एक ढीग, वर्णन दीड ओळीचं, फोटोत निम्मी नाणी पाठीवर. एकेक नाणं उलटं-सुलटं करून पाहायला पाऊण तास लागला. सोळाव्या नाण्यावर ‘सिव’. खरं. कड धारदार, वजन ११.३ ग्रॅम. आणखी दोनांवर दीर्घ ‘पती’. चार दुदांडी. एक ढब्बू पैसा चुकून आत आलेला, जाड आणि जड. टेबलावर काही बोलले नाही, चेहऱ्यावरही येऊ दिलं नाही. सगळी नाणी होती तशीच ठेवली आणि बाहेर येऊन जिन्यात वहीत लिहिलं : ६,४००.

रविवारी मागच्या रांगेत बसले. पुढे बसलं की आपल्यालाच सगळे दिसत नाहीत. मागून कोण कशावर हात वर करतं, कोण फोनवर कुणासाठी बोली लावतं, हे कळतं. पुकारणाऱ्याची लय ओळखायला पंधरा-वीस लॉट जाऊ द्यावेत. हा मनुष्य ‘एक वार, दोन वार’ भरभर म्हणायचा आणि ‘तीन वार’ च्या आधी थांबायचा. त्या थांबण्यातच बहुतेकांचा हात उठत होता. किती जण त्या शांततेपोटी एक टप्पा वर गेले ते मी मोजलं : माझ्या समोर अकरा वेळा.

सोन्याचा शिवराई होन आला तेव्हा सभागृह ताठ झालं. पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचं ते इवलं नाणं पाहायला मिळालं यातच मी भरून पावले. बोली चढत गेली तशी मला तेलाच्या विहिरींची गोष्ट आठवली. मेक्सिकोच्या आखातात तेलक्षेत्रांच्या लिलावात जिंकणाऱ्या कंपन्यांना अपेक्षेपेक्षा कमी का मिळतं, हे तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये मांडलं. दहा जण एकाच वस्तूचा अंदाज बांधतात, कुणाचा कमी पडतो, कुणाचा जास्त, आणि लिलाव नेमका सर्वांत चढा अंदाज बांधणाऱ्यालाच वस्तू देतो. पुढे विकण्यासाठी घेणाऱ्याने म्हणून स्वतःच्या अंदाजातून आधीच काही वजा करायला हवं. ज्याला नाणं कायमचं जवळ ठेवायचं आहे त्याचं गणित थोडं वेगळं, पण ‘उद्या विकलं तरी एवढे येतील’ हे वाक्य मनात आलं की तोही त्याच विहिरीत उतरतो.

माझा लॉट जेवणानंतर आला, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. ३,००० पासून सुरू. एक व्यापारी ४,८०० पर्यंत आला. मी ५,०००. तो ५,१००. मी ५,२००. एक वार, दोन वार, ती शांतता, तीन वार.

शेजारचे वयस्कर संग्राहक वळून म्हणाले, “ताई, हा खुर्दा घेऊन करणार काय?”

“अक्षरं वाचणार, काका.”

त्यांनी पिशवी मागून घेतली, खिशातलं भिंग काढलं आणि थेट सोळावं नाणं वर धरलं. “हे पाहिलं होतंत?”

“काल पाहिलं.”

“मी नाही पाहिलं,” ते म्हणाले, आणि नाणं दोन्ही हातांनी परत दिलं. मग तासभर त्यांनी मला चांदवडी आणि अंकुशी हे चांदीचे जुने रुपये नुसत्या आवाजावरून कसे पारखायचे ते शिकवलं. रुपया बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टोकायचा. खरा खणखणतो, भेसळीचा किंवा तडा गेलेला बद्द वाजतो. तांब्याला हे लागू नाही, असंही त्यांनी बजावलं.

खर्च : ६,४४८ अधिक ९००.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजनाला शिवराई ताम्हनात मांडल्या. आईने चिंच कोळून ठेवली होती, उजळायला. तिचा हात धरला आणि समजावलं : वरचा काळपट-हिरवा थर अडीचशे-तीनशे वर्षांत बसलेला आहे, तो गेला की अक्षराची कडही जाते आणि किंमतही. आईने चिंच आमटीत घातली आणि शिवराईंना हळदकुंकू लांबूनच वाहिलं.

१६ नोव्हेंबर

कागदपत्रांचा दिवस. प्रत्येक नाण्यामागे चिठ्ठी : कुठल्या लिलावात, कितवा लॉट, कोणत्या तारखेला, पावती क्रमांक. नाणं कुठून आलं हे ज्याच्याजवळ लिहिलेलं नसतं, त्याचं मोल निम्मं गप्प होतं.

न्यू जर्सीहून भाच्याचा फोन. “मावशी, त्यातली एक मला पाठव ना, इथे मराठी शाळेत दाखवतो.” पाठवता येणार नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं आणि ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. कुरियरनेही नाही, बॅगेतूनही नाही. त्याला मेणाच्या कागदावर घेतलेले ठसे आणि मोठे फोटो पाठवते. शेतात सापडलेली नाणी कुणी परस्पर स्वस्तात देऊ केली तर ती घ्यायची नाहीत, हेही त्याला सांगितलं. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त मोलाचं पुरलेलं धन सापडलं की ते सरकारला कळवावं लागतं.

३० नोव्हेंबर

नऊ नाणी, हातोडा २,४००, घरी ३,१७६. शांतपणे झालं. त्याच दिवशी तीन लॉट मर्यादेपलीकडे गेले, आणि या वेळी रात्री आठवले नाहीत.

४ जानेवारी २०२६

तक्ता वाचनालयाच्या भिंतीवर लागला. चाळीसपैकी चौतीस चौकोन भरले. खर्च १७,७२०, त्यात खोट्या नाण्याचे ३,४००. शिल्लक १२,२८०.

सहावीतली एक मुलगी रिकाम्या चौकोनांवर बोट ठेवून विचारत होती, इथे काय येणार. ‘त्र’ चं एक जुनं वळण, म्हटलं, ज्यात ‘र’ चा तिरपा फटकारा तळापर्यंत जातो. मला त्याचे दोन अर्धे तुकडे सापडले आहेत, पूर्ण अक्षर नाही.

पुढची यादी काल आली. लिलाव २२ फेब्रुवारीला. मिश्र तांबं, १४ नग, फोटोत खालच्या रांगेतलं तिसरं नाणं तिरपं पडलंय आणि त्याच्या कडेला तसाच एक फटकारा दिसतो. पाहणी २१ तारखेला. मर्यादेची जागा वहीत रिकामी ठेवली आहे, नाणं हातात घेतल्यावर लिहीन.